सोडतीत जावेला घर लागलं, आणि माझ्या मनातला हेवा जात नाही

माझगावकरीण

सगळ्यांना नमस्कार आणि जय ख्रिस्त. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. प्रश्न माझ्या श्रद्धेतून आलेला आहे, पण ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा.

आम्ही माझगावात पागडीच्या एका जुन्या खोलीत राहतो. सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलं. धाकटा दीर आणि जाऊ पलीकडच्या गल्लीत भाड्याने. म्हाडाच्या सोडतीचे अर्ज दोन्ही घरं मिळूनच भरत आलो, एकाच टेबलावर बसून. उत्पन्न गट एकच, योजनाही बहुतेक वेळा एकच. ह्या खेपेला जावेचं नाव लागलं. आमची अनामत रक्कम खात्यात परत आली.

जाऊ मनाने फार चांगली आहे. माझ्या बाळंतपणात तिने माझं सगळं केलंय. ती पेढे घेऊन आली तेव्हा मी तिला मिठी मारली, आणि रात्री भांडी घासताना मनात आलं की ह्यांचं बँकेचं कर्ज अडलं तर बरं. असं काही माझ्या मनात येऊ शकतं ह्याने मी हादरले. तेव्हापासून झोप नीट नाही.

वचनं मला ठाऊक आहेत. 'प्रीती हेवा करत नाही' हे तर आमच्या लग्नात वाचलं होतं. शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको ही दहावी आज्ञा शब्बाथ शाळेत पाठ केलेली, आणि बायबलमधल्या निर्गमातली ती यादी सुरूच होते शेजाऱ्याच्या घरापासून. मुंबईत राहणाऱ्या माणसाला तर ती नेमकी तिथेच गाठते. पण हेवा करू नये हे कळून तो थांबत नाही. समाधान मान म्हणतात, तर मानून घेतलेलं समाधान दोन दिवसांत उतरतं. पाळकसाहेबांशी बोलायला जड जातं, कारण दीर मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीत आहेत, सगळे एकमेकांना ओळखतात.

तुम्ही स्वतः ह्यातून कसे गेलात ते सांगा.

आरती_दादर

ताई, मी ख्रिस्ती नाही, तरी लिहिते. माझी आजी म्हणायची, नेहमी आपल्या खालच्याकडे बघावं. मला कुणाचा हेवा वाटला की मी पुलाखाली संसार मांडलेली कुटुंबं आठवते. आपल्याला निदान दाराला कडी आहे. मला तरी त्याने बरं वाटतं.

सिस्टर_पी

मूळची नगरची, नोकरी परळला, प्रसूती विभागात. आरती, तुमच्या आजींचा हेतू चांगलाच होता, पण हा उपाय मला पटत नाही आणि का ते सांगते.

वर बघून जळणं आणि खाली बघून निवणं ह्यात मोजपट्टी एकच राहते. आज पुलाखालचं कुटुंब बघून मला बरं वाटलं तर त्यांचं दुःख माझं औषध झालं. लूकच्या अठराव्या अध्यायात तो परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानतो आहे. इतर माणसांसारखा मी नाही, लोक ज्याला पापी मानत त्या जकातदारासारखा नाही, म्हणून आभार. आणि प्रभू म्हणतो की नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. मला ह्या गोष्टीची धास्ती वाटते, कारण आपल्या प्रार्थनासभांतल्या कितीतरी आभारप्रदर्शनांना तोच सूर असतो.

माझगावकरीण, मला ह्या बाबतीत बायबलमधल्या लेआ आणि राहेल जवळच्या वाटतात. सख्ख्या बहिणी, एकाच घरात, एकाच नवऱ्याच्या. राहेलवर याकोबाचं प्रेम, लेआला मुलं. राहेल म्हणते, मला मुलं द्या, नाहीतर मी मरते. लेआ म्हणते, माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघावं. जिच्याकडे जे नव्हतं ते दुसरीकडे होतं, आणि आपल्याकडचं दोघींना दिसत नव्हतं. पण उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायाचा शेवट सावकाश वाचा. रऊबेन, शिमोन, लेवी. तिन्ही बाळांची नावं ठेवताना लेआ नवऱ्याचंच बोलते. आता तरी तो माझ्यावर प्रेम करील, आता तरी माझ्याशी जडून राहील. चौथ्या वेळी नवऱ्याचं नावच नाही. 'आता मी परमेश्वराचं स्तवन करीन' म्हणते आणि बाळाचं नाव यहूदा ठेवते. बहीण तीच, नवरा तोच, घर तेच. त्या एका बाळंतपणात ती कुणाकडे बघत नव्हती. आणि त्याच यहूदाच्या वंशात दावीद, पुढे प्रभू येशू.

पण पुढच्याच अध्यायात लेआ पुन्हा त्या चढाओढीत उतरते, आपली दासी जिल्पा नवऱ्याला देते. म्हणजे तिचं ते समाधान टिकलं नाही. पवित्र शास्त्राने हे लपवलं नाही ह्याचा मला आधार वाटतो. हेवा एकदा गेला की कायमचा गेला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्या विभागात दर वेळी पाळणा हलतो तेव्हा मला माझं रिकामं घर आठवतं. दर वेळी नव्याने बाळाच्या डोक्यावर हात ठेवून मनात आशीर्वाद म्हणते आणि पुढच्या कामाला लागते.

आरती_दादर

सिस्टर, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

जुना_परळकर

मुली, तुझा धागा सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला. मी निवृत्त शिक्षक, मंडळीत बरीच वर्षं वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ सभासद, म्हणून सेवा केली.

शास्त्रात एक माणूस असा आहे की ज्याच्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही, आणि तुझ्या प्रश्नाला मला तोच आठवला. प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय. प्रभूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत गेला, प्रभूच्या बारा शिष्यांतली एक जागा रिकामी झाली. पेत्र म्हणाला, प्रभूच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत जो आपल्याबरोबर होता असा माणूस निवडू. दोन नावं पुढे आली. योसेफ, ज्याला बर्सबा म्हणत आणि ज्याचं उपनाव युस्त होतं; आणि मत्थिया. दोघांची पात्रता सारखी. सगळ्यांनी प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी मत्थियाच्या नावे निघाली.

बर्सबाचं काय झालं? शास्त्र एक शब्द सांगत नाही. तो मंडळी सोडून गेला असं नाही, त्याने तक्रार केली असं नाही. पण बघ, दुसरा अध्याय उघडतो तो 'ते सर्व एकत्र जमले होते' असा. त्या सर्वांत बर्सबाही असणार असं मी धरून चालतो. आणि असला तर पवित्र आत्मा त्याच्यावरही उतरला, चिठ्ठी लागलेल्या मत्थियावर उतरला तितकाच. पद मिळालं नाही म्हणून पेंटेकॉस्टचा दिवस त्याला कमी मिळाला नाही.

म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या सोडतीत २०२३ साली ४०८२ घरं होती, २०२४ साली २०३०. अर्ज दोन्ही वेळा लाखाच्या वर. म्हणजे ह्या शहरात जवळजवळ प्रत्येक अर्जदार बर्सबाच आहे. पण आपण ज्यांची चिठ्ठी लागली त्यांचीच साक्ष व्यासपीठावर ऐकतो. 'प्रभूने मला घर दिलं' म्हणून माणूस उभा राहतो, मंडळी हालेलुया म्हणते, आणि मागच्या बाकावर बसलेल्याला वाटतं की प्रभूने मला दिलं नाही म्हणजे माझ्यातच काही उणं असावं. कुणी कधी उभं राहून सांगितलं आहे का, की माझं नाव निघालं नाही आणि प्रभू माझ्याजवळ आहे? अशाही साक्षी मंडळीत व्हायला हव्यात. तुझ्या दुखण्यातला निम्मा भाग मला हा वाटतो. तुला घर हुकल्याचं दुःख आहेच, पण त्याखाली एक भीती आहे, की देवाने तिला निवडलं आणि मला वगळलं. त्या भीतीशी आधी बोल.

माझगावकरीण

काका, हे वाचून रडू आलं. हो, तेच आहे. नाव निघालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'देवाला कुणाची प्रार्थना आवडते ते कळलं.' त्या सहज बोलून गेल्या असतील, पण ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलंय.

वसईचा_वारा

ताई, मी वसईचा कॅथलिक. आमच्याकडे हेवा सात प्रमुख पापांत मोजतात. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप झालेल्या महान ग्रेगरींनी त्याला त्या यादीत घातलं. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्विनास ह्यांनी हेव्याबद्दल लिहिताना म्हटलं आहे की दुसऱ्याच्या भल्याचं आपल्याला होणारं दुःख म्हणजे हेवा. आणि पुढे असंही की जो आपल्यापासून फार दूर आहे, स्थळाने, काळाने वा दर्जाने, त्याचा हेवा आपण करत नाही. मलबार हिलवरच्या बंगल्याचा कुणाला राग येतो? वसईत मात्र चुलतभावाची जमीन रस्त्याला लागून निघाली आणि माझी आतल्या अंगाला, एवढ्यावरून मी कित्येक वर्षं त्याच्या घरचं पाणी कडू मानून प्यायलो. एकाच आजोबांची वाडी, वाटणीची रेषा तेवढी मधून गेली. म्हणून जावेचा हेवा वाटतो ह्यात काही विकृत आहे असं समजू नका. ती जवळची आहे म्हणूनच तो तिथे उगवला.

मी काय केलं ते विचारलंत म्हणून सांगतो. पापनिवेदनाला गेलो तेव्हा फादरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'भावासाठी रोज प्रार्थना कर, पण मोघम नको. तू स्वतःसाठी जे मागतोस तेच, त्याच शब्दांत, त्याचं नाव घेऊन माग.' मी माझ्या मुलाच्या नोकरीसाठी मागत होतो. मग त्याच्या मुलाच्या नोकरीसाठी मागायला लागलो. सुरुवातीला शब्द घशात अडकायचे, मनात काहीच नसायचं. फादर म्हणाले, मन मागून येईल, तू तोंड चालू ठेव. त्याच्या मुलाला खरंच नोकरी लागली. तो सांगायला आला तेव्हा मला कळलं की मी ह्या बातमीची त्याच्याइतकीच वाट बघत होतो. इतके दिवस मागितलेलं मिळालं होतं ना.

नाक्यावरचा

मी गोवंडी-मानखुर्द भागात नाका कामगारांबरोबर काम करतो. बिगारी, गवंडी, रंगारी. मीही ख्रिस्ती, आमचं घराणं जालन्याकडचं, गावकुसाबाहेरचं. मला ह्या धाग्यात एक गोष्ट आणायची आहे.

समाधानाचा उपदेश मी लहानपणापासून ऐकतो आणि तो नेहमी खालच्यालाच केलेला ऐकतो. ज्याला मजुरी कमी मिळते त्याला सांगतात समाधानी राहा. ज्याने मजुरी बुडवली त्याला सांगत नाहीत. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय की कापणी करणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडते आहे आणि त्यांची आरोळी प्रभूच्या कानी गेली आहे. हे वचन फ्रेम करून भिंतीवर लावलेलं मी कुठे पाहिलं नाही.

आणि राजांच्या पहिल्या पुस्तकातला अहाब आठवा. राजवाडा आहे, राज्य आहे, तरी शेजारच्या नाबोथाचा द्राक्षमळा हवा, कशाला, तर भाजी लावायला. नाबोथ वाडवडिलांची जमीन द्यायला तयार नाही म्हणून राजा भिंतीकडे तोंड करून झोपतो, जेवत नाही. पुढे ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथाला दगडांनी मारतात. दहावी आज्ञा मोडणारा इथे गरीब नाही. ह्या शहरात वर्षानुवर्षं आपल्या जागेवर राहिलेल्या माणसांवर काय काय दडपणं येतात ते आम्ही रोज बघतो. हेव्याबद्दल बोलायचं तर हेही बोलावं.

आता ताईंचं. प्रभूचा द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला मंडळीत बहुतेक सकाळी लागलेल्या मजुरांच्या बाजूने समजावतात. आम्ही दिवसभर उन्हात राबलो आणि तासभर काम करणाऱ्याला तेवढीच मजुरी. मी तो एकदा नाक्यावर वाचून दाखवला, तर ऐकणाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच: तो शेवटचा माणूस संध्याकाळपर्यंत नाक्यावर थांबला कसा? आमच्याकडे दहा वाजेपर्यंत कुणी उचललं नाही की माणूस घरी जातो, आणि रिकाम्या हाताने घरी जाण्याइतकं जड दुसरं काही नसतं. धन्याने विचारलं, दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणाले, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. त्यांचा दिवस सकाळच्यांपेक्षा हलका नव्हता. घर मात्र त्यांचंही पूर्ण दिवसाच्या मजुरीवरच चालायचं. धन्याने गरज बघून दिलं. सकाळच्यांचं काही कापलं नाही, ठरलेलं पूर्ण दिलं. त्यांना खुपलं ते धन्याचं चांगुलपण.

तुमच्या जावेची वाट तुम्हाला दिसली नसेल असं मी म्हणत नाही, तुम्ही एकाच टेबलावर बसून अर्ज भरलेत. एवढंच म्हणतो, की तिला मिळालं ते तुमच्या वाट्यातून कापून दिलेलं नाही.

माझगावकरीण

दादा, शेवटचं वाक्य लिहून फ्रीजवर लावलंय.

आता एक अडचण. तुम्ही म्हणता ते पटतं, पण मग मी पुन्हा अर्ज भरायचा की नाही? घर हवं असणं हे असमाधान आहे का? मुलगी मोठी होते आहे, तिला कपडे बदलायला आडोसा नाही. ही इच्छा मी मारून टाकू का? प्रेषित पौलाने लिहिलंय की मी ज्या स्थितीत आहे तिच्यात संतुष्ट राहायला शिकलो आहे. मग मी काय शिकायचं?

जुना_परळकर

अर्ज भर. नक्की भर. मुलीसाठी आडोसा मागणं ह्यात देवाचा काही अपमान नाही.

फिलिप्पैकरांस पत्राचा तो चौथा अध्याय सगळे मधूनच वाचतात, म्हणून घोटाळा होतो. पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली आहे. ती मिळाल्याबद्दल तो लिहितो आहे. म्हणजे संतोषाचं ते सुप्रसिद्ध वचन पैसे पोचल्याच्या आभारपत्रात आलेलं आहे! आणि तो असं म्हणत नाही की मला गरजच नव्हती, कशाला पाठवलंत. तो म्हणतो, तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगलं केलंत. त्याला उपासही माहीत आहे आणि पोटभर जेवणही. मिळालं तर आनंदाने घ्यायचं, नाही मिळालं तर मोडून पडायचं नाही, हे दोन्ही शिकावं लागलं असं तो सांगतो. ज्याला प्रभू मार्गात दिसला त्यालाही समाधान शिकावं लागलं, ही गोष्ट मला फार धीर देते.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या बहुतेकांना पुन्हा ती नोकरी बघायला मिळाली नाही. आमच्या चाळीत ज्यांची गावाकडे शेती होती ते गावी गेले, ज्यांची नव्हती ते राहिले. आम्ही राहिलेल्यांत. त्या काळात हेव्याला कितीतरी कारणं होती. कुणाचा मुलगा बँकेत लागलेला, कुणाची बायको शाळेत शिक्षिका. आईने त्या दिवसांत महिला मंडळात एक गोष्ट सुरू केली. ज्या घरात पगार येतो तिथून दर आठवड्याला मूठभर धान्य, आणि ज्या घरात येत नाही तिथल्या बायका ते निवडून, दळून, वाटे करणार. आमच्या घरी धान्य येत होतं आणि आई दळतही होती. घेणारी आणि देणारी एकाच जात्यावर बसत होत्या, त्यामुळे कोण वर कोण खाली हे फार बोललं गेलं नाही. वडिलांना संपाचं दुःख शेवटपर्यंत राहिलं, हक्काचं मागणं त्यांनी कधी चूक मानलं नाही. पण कुणाच्या पगाराबद्दल कडू बोललेलं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

तेव्हा नाक्यावरच्या दादाशी मी पूर्ण सहमत आहे. हक्क मागावा. इच्छा धरावी. फक्त शेजाऱ्याच्या ताटाकडे बघून आपली भूक ठरवू नये.

आरती_दादर

काका, हे 'ठेविले अनंते' पेक्षा वेगळं आहे का? आमच्याकडेही काही जण ते ऐकवून माणसाला गप्प बसवतात.

जुना_परळकर

गप्प बसवायला वापरणाऱ्यांवर जाऊ नकोस, बाळा. तुकोबांनी ते स्वतः दुष्काळात होरपळून, दिवाळं निघाल्यावर गाठलेलं आहे, कुणा सुखी माणसाने दुसऱ्याला सांगितलेलं नव्हे. आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली इथे मुंबईतच झाला, ते सांगत की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या भजनांवर वाढलेला माणूस तुकोबांना परका कसा मानेल? मला फरक दिसतो तो एवढाच की आमच्याकडे समाधान एका माणसाच्या मागे चालताना मिळतं. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्राला प्रभूने त्याचं पुढचं भविष्य सांगितलं, तेही दुःखाचं. पेत्राने लगेच मागे वळून योहानाकडे बघितलं आणि विचारलं, प्रभू, ह्याचं काय? प्रभू म्हणाला, 'त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.' त्याने पेत्राला योहानाचं काही सांगितलं नाही. योहानाला बरं मिळणार की वाईट, ह्याच्याशी पेत्राच्या चालण्याचा संबंध ठेवलाच नाही.

गायनमंडळ

विषयाला धरूनच विचारतो. मंडळीतला हेवा घरातल्या हेव्यापेक्षा वाईट असतो असा माझा अनुभव. मी वर्षानुवर्षं नाताळच्या उपासनेत एकट्याने गीत गातो. यंदा ते एका कॉलेजातल्या मुलीला दिलं. ती माझ्यापेक्षा चांगली गाते, हे मला ऐकू येतं. पण सरावाला गेलो की छाती भरून येते, आनंदाने नव्हे. देवाच्या सेवेतच असं वाटावं ह्याची लाज वाटते.

सिस्टर_पी

भाऊ, योनाथान बघा. राजाचा मोठा मुलगा, गादी त्याची. दाविदाचं नाव व्हायला लागलं तेव्हा बाप शौल बायकांचं गाणं ऐकून पेटला, शौलाने हजारो मारले आणि दाविदाने लाखो. दाविदामुळे ज्याची गादी जाणार होती तो शौल नव्हता, योनाथान होता. आणि त्याने आपल्या अंगातला झगा, तरवार, धनुष्य, कमरबंद काढून दाविदाला दिला. मला वाटतं, तुम्ही तिला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवा. ते गीत तुम्हाला जितकं ठाऊक आहे तितकं तिला नाही.

वसईचा_वारा

पौलाचं ते फिलिप्पैकरांस पत्रही बघा, पहिला अध्याय. तो कैदेत असताना काही जण त्याच्या हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करत होते, त्याला आणखी त्रास व्हावा म्हणून. तो म्हणतो, काही का असेना, ख्रिस्ताची घोषणा होते आहे, ह्यात मला आनंद आहे. म्हणजे पहिल्या मंडळ्यांतही हे होतंच.

माझगावकरीण

सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. सिस्टर, काका, वारा, दादा, आरती, सगळ्यांचे आभार.

शेवटचा प्रश्न. जावेला हे सांगू का? तिच्यापासून लपवलंय ह्याचं ओझं वाटतं.

सिस्टर_पी

मी सांगितलं असतं. जवळच्या माणसाला आपलं मन कळावं.

वसईचा_वारा

माझं मत, नको. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर वेदीपुढे दान ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. इथे जावेच्या मनात काहीच नाही. तुम्ही सांगितलंत तर तुमचं ओझं हलकं होईल, आणि ती नव्या घरात पाऊल टाकताना तुमचं दुःख घेऊन टाकेल. हे देवाला सांगा, पाळकांना सांगा. दुसऱ्या मंडळीतले पाळक चालतील. तिला आनंद द्या. चौथ्या शतकातले संत योहान ख्रिसोस्तोम 'आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा' ह्या वचनावर बोलताना म्हणाले होते की रडणाऱ्याबरोबर कुणीही रडेल, आनंदी माणसाबरोबर आनंद करायला मोठं मन लागतं. पौलाने तो अवघड भाग आधी घातला आहे.

सिस्टर_पी

मत्तयाचं वचन मी असं लावून पाहिलं नव्हतं. ताई, ह्या बाबतीत वाऱ्याचं ऐका.

माझगावकरीण

मग सांगत नाही. रोज तिच्या कर्जासाठी मागते आहे, तिचं नाव घेऊन, अजून घसा दाटतो तरी. सासूबाईंच्या त्या वाक्याबद्दल मात्र ह्यांच्याशी बोलले, आणि ते आईंशी बोलणार आहेत. पुढच्या सोडतीची जाहिरात आली की अर्ज भरणार. ह्या वेळी टेबलावर जाऊही बसेल, तिला त्या फॉर्ममधलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गायनमंडळ दादा, तुमची उपासना कुठे असते? नाताळला त्या मुलीचं गीत ऐकायला आम्ही सगळे येऊ, तुम्हालाही भेटू.

गायनमंडळ

भायखळ्याला. व्यक्तिगत निरोप पाठवतो. आज सरावाला लवकर जाऊन तिच्याबरोबर दुसरं कडवं बसवलं. वरच्या स्वरावर ती घाबरत होती, आता नाही घाबरत.